मोबाईलच्या स्क्रीनमधलं न दिसणारं प्लास्टिक: स्पेशालिटी पॉलिमरचा धंदा नेमका चालतो कसा?



गेल्या महिन्यात सांगलीकडच्या एका प्रेक्षकाचा मेसेज आला. बारा वर्षं प्लास्टिकच्या कारखान्यात सुपरवायझर. आता स्वतःचं काहीतरी करायचंय. सोबत त्यांनी एका मशीनचं कोटेशन जोडलं होतं. किंमत ४२ लाख. मशीन विकणारा म्हणतो, "यावर डिस्प्ले ग्रेड फिल्म निघते. मोबाईल, टीव्ही, सगळीकडे लागते. तुम्ही फक्त बनवा, माल आम्हीच परत विकत घेऊ." घर तारण ठेवायची तयारी झाली होती. प्रश्न एकच होता: "सर, करू का?"

त्यावर आपण व्हिडिओ केला. पण वीस मिनिटांत सगळं सांगून होत नाही, आणि कमेंटमध्ये बऱ्याच जणांनी विचारलं की ही डिस्प्लेची फिल्म म्हणजे नक्की काय असतं. म्हणून हा लेख. सावकाश वाचा. तुम्हाला फिल्मच्या धंद्यात पडायचं नसलं तरी वाचा, कारण "स्पेशालिटी" या शब्दाखाली पैसे कसे मिळतात आणि कसे बुडतात, ते यात नीट दिसतं.

आधी एक छोटा प्रयोग

घरात जुना कॅल्क्युलेटर असेल तर काढा. पोलराइज्ड गॉगल कुणाकडे असेल तर तो मागून घ्या. गॉगलच्या काचेतून कॅल्क्युलेटरचे आकडे बघा आणि काच हळूहळू गोल फिरवा. एका ठिकाणी आकडे स्वच्छ दिसतील, अजून थोडं फिरवलं की सगळी पट्टी काळी होईल.

हे का होतं? एलसीडी स्क्रीनच्या पुढे आणि मागे एकेक पातळ फिल्म चिकटवलेली असते. तिला पोलरायझर म्हणतात. प्रकाशाची लाट सगळ्या दिशांनी थरथरत येते, त्यातली एकाच दिशेची थरथर ही फिल्म पुढे जाऊ देते. मध्ये लिक्विड क्रिस्टल असतं. ते विजेच्या इशाऱ्यावर प्रकाशाची दिशा वळवतं किंवा वळवत नाही. वळलेला प्रकाश पुढच्या फिल्ममधून बाहेर येतो, न वळलेला अडतो. एवढ्यावर सगळं चित्र उभं राहतं. पोलरायझर काढून टाकला तर टीव्ही चालू असूनही तुम्हाला नुसता पांढरा उजेड दिसेल.

म्हणजे बघा, टीव्हीवर नाव कुणाचं? ब्रँडचं. पण चित्र दिसतं ते एका अशा फिल्ममुळे, जिचं नाव ग्राहकाला माहीतच नाही.

सायझिंगमधली खळ आणि स्क्रीनमधली फिल्म: पॉलिमर एकच

आता खरी गंमत. पोलरायझरच्या पोटात जी फिल्म असते ती पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची, म्हणजे पीव्हीएची. हे काही चंद्रावरून आणलेलं केमिकल नाही. सुतार वापरतात त्या पांढऱ्या गोंदात पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट असतं, त्याच्यापासूनच पुढे प्रक्रिया करून पीव्हीए बनवतात. इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना तर हे नाव पाठ असेल. ताण्याचे धागे मागावर तुटू नयेत म्हणून सायझिंगमध्ये जी खळ लावतात, त्यात पीव्हीए वापरतात. कापड विणून झालं की ती खळ धुऊन टाकतात.

एकीकडे हे पॉलिमर धुऊन गटारात जातं. दुसरीकडे तेच टीव्हीच्या काचेवर वर्षानुवर्षं बसतं. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. मग फरक कशाचा?

प्रक्रियेचा. डिस्प्लेसाठी पीव्हीएची अत्यंत स्वच्छ, सगळीकडे एकसारख्या जाडीची फिल्म लागते. ती पाण्यात फुगवतात, आयोडिनच्या द्रावणात बुडवतात, आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात तिला पाच-सहा पट लांब ताणतात. ताणल्यावर आतल्या साखळ्या एका ओळीत येतात, आणि त्यांच्या आधाराने आयोडिनही रांगेत उभं राहतं. पाटावर शेवया ओढल्यासारखं समजा, सगळे धागे एका दिशेला. या रांगेमुळेच एका दिशेचा प्रकाश अडतो.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत एडविन लँड यांनी प्लास्टिकच्या पोलरायझरचं पहिलं पेटंट १९२९ साली दाखल केलं आणि १९३८ मध्ये ताणलेल्या पीव्हीएमध्ये आयोडिन घालायची पद्धत शोधली. त्यांच्याच कंपनीचं नाव पोलरॉइड. म्हणजे मूळ तत्त्व ऐंशीहून जास्त वर्षांपासून सगळ्यांना माहीत आहे. तरीही पोलरायझरची पीव्हीए फिल्म जगाला पुरवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. का? कारण फॉर्म्युला माहीत असणं वेगळं आणि हजारो मीटर लांबीत एकही डाग, एकही गाठ न येऊ देणं वेगळं. स्क्रीनमध्ये एक धुळीचा कण अडकला तर तो ग्राहकाला ठिपका म्हणून दिसतो आणि पूर्ण पॅनल रिजेक्ट होतं.

लिहून ठेवा: गिऱ्हाईक पैसे देतं ते पॉलिमरचे नाही, भरवशाचे.

जुनं कौशल्य, नवं गिऱ्हाईक

या पीव्हीए फिल्ममध्ये जगात सगळ्यात पुढे आहे जपानची कुरारे कंपनी. तिची सुरुवात १९२६ साली कुराशिकी गावात झाली, रेयॉनचा धागा बनवण्यासाठी. म्हणजे मूळ धंदा कापडाचा. १९५० मध्ये त्यांनी पीव्हीएपासून विनायलॉन नावाचा धागा बाजारात आणला. त्याचे गणवेश झाले, दोर झाले, मासेमारीची जाळी झाली. धाग्यामुळे पीव्हीए हाताळायची सवय लागली, त्याच्या खोडी कळल्या, आणि तीच समज पुढे फिल्ममध्ये कामाला आली. डिस्प्लेचं मार्केट आलं तेव्हा कुरारे शून्यापासून शिकत नव्हती.

दुसरी गोष्ट फुजीफिल्मची. पीव्हीए आणि आयोडिनच्या फिल्मला दमट हवा सोसत नाही. म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना संरक्षण म्हणून दुसरी फिल्म लावतात: ट्रायअ‍ॅसिटिल सेल्युलोज, थोडक्यात टॅक. ही लाकडाच्या लगद्यापासून किंवा सरकीला चिकटलेल्या कापसाच्या बारीक तंतूंपासून बनते. आपल्याकडे हीच टॅक फिल्म सगळ्यांनी हाताळली आहे! लग्नाच्या फोटोंचा जुना रोल आठवा. त्याचं पारदर्शक अंग म्हणजे टॅक. फुजी १९३४ पासून फोटोच्या फिल्मच्या धंद्यात. जगातली फोटो-रोलची मागणी २००० सालाच्या आसपास शिखरावर पोचली आणि नंतरच्या दहा वर्षांत कड्यावरून पडावी तशी पडली.

फुजीने काय केलं? आपल्याला नक्की काय येतं याची यादी केली. पातळ, पारदर्शक, बिनडागी फिल्म बनवता येते. तिच्यावर मायक्रॉनच्या हिशोबात थर देता येतात. ही कला कुणाला लागते? एलसीडीवाल्यांना. मग त्यांनी डिस्प्लेच्या टॅक फिल्ममध्ये मोठी गुंतवणूक केली. औषधं, सौंदर्यप्रसाधनं अशा इतर वाटाही धरल्या.

शेजारीच कोडॅकची गोष्ट आहे. आजच्या महागड्या फोनमध्ये जो ओएलईडी डिस्प्ले असतो, त्याचा पाया घातला कोडॅकच्या प्रयोगशाळेत. चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांचा १९८७ चा शोध. कोडॅकने तो ओएलईडीचा धंदा २००९ मध्ये एलजीला विकला आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. शोध हातात होता, हुशार माणसं होती. तेवढं पुरलं नाही.

आता तुम्ही स्वतःला विचारा. मला काय येतं? "मला प्लास्टिकचं काम येतं" हे उत्तर फार ढोबळ झालं. साच्याचं तापमान राखता येतं? रंगाची शेड प्रत्येक बॅचला जुळवता येते? पातळ माल सुरकुती न पडता गुंडाळता येतो? अशी बारीक यादी करा. नवं गिऱ्हाईक त्या यादीतून सापडतं.

वेळ किती लागतो? ही एक गोष्ट ऐका

१९८९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेरेमी बरोज हा तरुण संशोधक पीपीव्ही नावाच्या पॉलिमरच्या पातळ थरातून वीज सोडून बघत होता. तो थर चक्क हिरवट-पिवळा उजळला. वीज दिली की उजेड देणारं प्लास्टिक! रिचर्ड फ्रेंड आणि डोनल ब्रॅडली यांच्यासोबत १९९० मध्ये हे काम जगासमोर आलं. १९९२ मध्ये केंब्रिज डिस्प्ले टेक्नॉलॉजी ही कंपनी निघाली. कल्पना जबरदस्त होती: शाईसारखं पॉलिमर छापा आणि स्क्रीन तयार करा.

पण प्रयोगशाळेत उजळणं वेगळं आणि हजारो तास एकाच रंगात उजळत राहणं वेगळं. निळ्या रंगाचं आयुष्य कमी भरायचं. वर्षं जात राहिली. शेवटी २००७ मध्ये जपानच्या सुमितोमो केमिकलने ती कंपनी सुमारे २८.५ कोटी डॉलरला विकत घेतली. दरम्यान मोबाईलच्या ओएलईडीत दुसरीच पद्धत पुढे निघून गेली: लहान रेणूंचे पदार्थ निर्वात कक्षात तापवून, त्यांच्या वाफेचे थर देण्याची.

शोध ते विक्री, अठरा वर्षं. पाठीशी विद्यापीठ आणि मोठमोठे गुंतवणूकदार. आणि तुमच्या बँकेचा हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून सुरू! म्हणून म्हणतो, नवीन पॉलिमर शोधण्याचा धंदा घर तारण ठेवून करायचा नसतो. त्यासाठी संशोधन अनुदान, इन्क्युबेटर, भागीदार लागतात. तुमच्याकडे खरोखर रसायनशास्त्राची पार्श्वभूमी आणि नवी कल्पना असेल तर पुण्यात एनसीएलच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे, तिथे जाऊन चौकशी करा. ती वाट वेगळी आहे, चुकीची नाही.

एका थराने केलेला गोंधळ

२०१९ मध्ये सॅमसंगचा घडीचा फोन येणार होता. काच दुमडत नाही, म्हणून वर पॉलिइमाइड या पॉलिमरचं आवरण. एरवी पॉलिइमाइड पिवळसर तपकिरी असतं. ते पारदर्शक करण्यासाठी रेणूची रचनाच बदलावी लागते. एवढं सगळं जमलं. पण पत्रकारांना चाचणीसाठी फोन दिले तेव्हा काहींनी वरचा संरक्षक थर स्क्रीन गार्ड समजून सोलून काढला, आणि स्क्रीन खराब झाली. एप्रिलमध्ये येणारा फोन सप्टेंबरवर गेला. नंतर त्या थराच्या कडा चौकटीखाली नेल्या, म्हणजे नख घालून सोलताच येऊ नये.

यात तुमच्यासाठी काय? माल उत्तम असून भागत नाही, वापरणारा त्याच्याशी कसा वागेल याचाही विचार मालात हवा.

त्याच वर्षी जुलैमध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या तीन पदार्थांच्या निर्यातीवर कडक परवाना लावला. त्यातलं एक होतं फ्लोरिन असलेलं पॉलिइमाइड. जगातल्या बलाढ्य डिस्प्ले कंपन्या हादरल्या, कारण रातोरात दुसरा सप्लायर उभा करता येत नाही. नवीन माल घ्यायचा तर आधी सॅम्पल, मग चाचण्या. पोलरायझरची एक नेहमीची चाचणी म्हणजे ६० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रतेत ५०० तास ठेवणं. म्हणजे जवळजवळ २१ दिवस फिल्म नुसती वाफेच्या खोलीत! ही अशी एक चाचणी, आणि त्यानंतरच्या बऱ्याच. एकदा पास झालात तर गिऱ्हाईक सहजासहजी सोडत नाही. पण पास होईपर्यंत कमाई शून्य.

माझा स्वतःचा फटका

हे मी पुस्तक वाचून सांगत नाहीये. ट्रेनिंग सुरू करण्याआधी मी स्क्रीन गार्डचा धंदा केला. रोल आणायचा, मॉडेलप्रमाणे कापायचा, पाकिटात भरून दुकानदारांना द्यायचा. पहिले दोन रोल झकास गेले. तिसरा रोलही त्याच सप्लायरकडून, तेच लेबल, भाव मात्र जरा कमी. मी खूश!

पावसाळ्यात पाकिटं परत यायला लागली. फिल्म काढली की मोबाईलवर चिकट डाग राहत होता. दुकानदार फोन उचलेनात. सप्लायर म्हणाला, "माल तोच आहे हो साहेब." तो नव्हता. आधीच्या रोलला सिलिकॉनचा चिकट थर होता, तो काच सोडताना डाग ठेवत नाही. या रोलला स्वस्त अ‍ॅक्रिलिकचा होता. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मला ते ओळखता येत नव्हतं, आणि मी तपासूनही बघितलं नव्हतं. त्या एका रोलपायी बाजारातली पत गेली आणि तीन लाखांच्या वर रक्कम अडकली. त्यातली थोडीच परत आली.

तपासणी किती सोपी होती बघा. नवीन रोलमधला तळहाताएवढा तुकडा साध्या काचेवर चिकटवायचा, ६० अंशाच्या ओव्हनमध्ये आठवडाभर ठेवायचा, मग सोलून काच उजेडात तिरकी धरायची. डाग दिसला की रोल परत. आठ दिवस थांबलो असतो तर वाचलो असतो.

मग आपली जागा कुठे?

डिस्प्लेच्या पॉलिमरच्या धंद्यात ढोबळमानाने तीन पायऱ्या आहेत.

पहिली, पॉलिमर शोधणं आणि बनवणं. हा मोठ्या केमिकल कंपन्यांचा आणि संशोधकांचा खेळ.

दुसरी, त्याची ऑप्टिकल फिल्म काढणं. इथे स्वच्छ खोल्या लागतात, प्रचंड भांडवल लागतं. शिवाय या फिल्मचं गिऱ्हाईक म्हणजे पोलरायझर आणि पॅनल बनवणारे कारखाने, आणि ते मुख्यतः चीन, कोरिया, तैवान, जपानमध्ये. भारतात टीव्ही-मोबाईल जुळवले जातात, पण पॅनल बहुतेक बाहेरूनच येतं.

तिसरी पायरी म्हणजे तयार फिल्म घेऊन ती गिऱ्हाईकाच्या गरजेप्रमाणे कापणं, छापणं, चिकटवणं. ही आपली जागा!

एक उदाहरण घ्या. दूध डेअरीतलं फॅट मोजायचं मशीन, वजनकाटा, पंपाचा कंट्रोल पॅनल, दवाखान्यातली उपकरणं. या सगळ्यांवर डिस्प्लेसाठी पारदर्शक खिडकी आणि छापील बटणं असलेली एक फिल्म असते. तिला ओव्हरले म्हणतात. खाली बटणांचं सर्किट असेल तर मेंब्रेन कीपॅड. स्क्रीन प्रिंटिंग, डाय कटिंग आणि चांगला दुहेरी चिकट टेप यावर हे काम चालतं. वरवर सोपं, पण यातही "स्पेशालिटी" आहे.

डेअरीतलं मशीन रोज पुसलं जातं, कधी साबणाच्या पाण्याने. छपाई फिल्मच्या वरच्या बाजूला केली तर थोड्याच दिवसांत अक्षरं उडतात. जाणकार माणूस फिल्मच्या मागच्या बाजूला उलटी छपाई करतो, म्हणजे अक्षरांच्या वर फिल्मचंच कवच राहतं. फिल्म कोणती? पॉलिकार्बोनेट दिसायला सुरेख आणि छापायला सोपं, पण सतत दाबलं जाणारं बटण असेल तर ते लवकर चिरतं आणि काही सॉल्व्हंट त्याला सोसत नाहीत. पॉलिस्टर दाब जास्त सोसतं. चकाकी नको असेल तर मॅट, ओरखडे नको असतील तर हार्ड कोट. पाणी आत जाऊ नये म्हणून टेप सगळ्या कडेने अखंड.

तुमच्या तालुक्यातल्या पाच डेअऱ्यांत जा. पॅनलवरची अक्षरं उडालेली, कडा सुटलेली मशीन मोजा. त्या मशीनवर बनवणाऱ्याचं नाव असतं. तो तुमचा पहिला कस्टमर. त्याला ब्रोशर नको, सॅम्पल द्या: "हे पुसून बघा, महिन्याने येतो." महिनाभर पुसून टिकलेला एक तुकडा दहा भेटींचं काम करतो.

४२ लाखांवर सही करण्याआधी पाच प्रश्न

सांगलीच्या मित्राला मी हे पाच प्रश्न दिले. तुम्हीही कोणत्याही मशीनवाल्याला विचारा.

१. हा माल शेवटी कोण वापरतो? त्या कारखान्याचं नाव सांगा. मी स्वतः त्यांच्या खरेदी खात्याशी बोलेन.

२. त्यांचं लेखी स्पेसिफिकेशन दाखवा: जाडी किती, त्यात किती मायक्रॉन फरक चालतो, पारदर्शकता किती, कोणत्या चाचण्या.

३. या मशीनवर काढलेला माल त्या चाचण्यांत पास झाल्याचा रिपोर्ट आहे का? चालू मशीनवर माझ्यासमोर माल काढून मला सॅम्पल द्याल का?

४. माल परत घ्यायच्या करारात रिजेक्शनचा निकष काय आणि तो ठरवणार कोण? इथेच मेख असते मित्रांनो. "क्वालिटी बसली नाही" एवढं म्हटलं की करार कागदावरच राहतो, आणि मशीनचे पैसे तर त्यांना आधीच मिळालेले असतात.

५. हा एकच खरेदीदार उद्या फिरला तर हीच फिल्म दुसऱ्या कुणाला विकता येईल?

आणि एक माझ्याकडून. घर तारण ठेवण्याआधी बँकेत सीजीटीएमएसई हमी योजनेबद्दल आणि पीएमईजीपीबद्दल विचारा. राहतं घर ही शेवटची वस्तू, पहिली नव्हे.

त्या मित्राने प्रश्न पाठवले. चार प्रश्नांना उत्तरच आलं नाही. पहिल्याला आलं: "कंपनीचं नाव गोपनीय आहे, आधी बुकिंगची रक्कम भरा." त्यांनी ती भरलेली नाही. सध्या नोकरी चालू ठेवून रविवारी डेअऱ्या आणि वजनकाट्यांच्या दुकानांत फिरतायत. परवा त्यांनी मला कडा सुटलेल्या अकरा पॅनलचे फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, "सर, यातले सात एकाच कंपनीचे आहेत."

मी म्हटलं, सोमवारी त्या कंपनीला फोन लावा.

तुम्हाला नेमकं काय येतं, त्याची बारीक यादी कमेंटमध्ये लिहा. "प्लास्टिकचं काम येतं" असं लिहिलंत तर मी उलट प्रश्न विचारणार! भेटूया पुढच्या व्हिडिओत.